दुबई ते हैदराबाद, साडेतीन तास

तुमच्या घरचं माणूस परदेशात असेल, तर ते तुमच्यापासून किती तासांवर आहे, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का?

मी विचारलं होतं, पण फोनमधल्या नकाशाला. अप्पा, माझे वडील, पहाटे गेले. अण्णा, माझा मोठा भाऊ, दुबईत बांधकामावर. काकांनी अंगणातच गाठलं. "पोरगं कवा पोचतंय? टाइम सांग, विहारातून पुकारायचंय."

आमच्या कमठाणा गावात आमच्याकडं कुणी गेलं की विहाराच्या भोंग्यावरून मयत उचलायची वेळ सांगतात. त्या वेळेला आसपासच्या गावांतून माणसं मजुरी बुडवून येतात, म्हणून पुकारलेली वेळ कुणी मोडत नाही. मी दुबई ते हैदराबाद शोधलं. साडेतीन तास. हैदराबादहून मन्नाएखेळ्ळीमार्गे गावापर्यंत तीन तास मिळवले, तिकिटासाठी थोडे धरले. अप्पांनी मला अक्षरं चळवळीच्या पत्रकांवर गिरवायला लावली होती. लिहिलेलं दिसलं की माझा विश्वास बसतो. भोंग्यावर मीच बोलले, "सायंकाळी पाच वाजता."

नऊला अण्णाचा फोन आला.

"निघालास का?"

"कसा निघू? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात हाय. चावी साहेबाकडं, अन् साहेब सुट्टीवर. उद्या येतंय म्हणायलेत."

"तुझा पासपोर्ट त्यांच्याकडं कामून?"

"सगळ्यांचेच हायत, बाय. पहिल्या दिवशीच घेतले."

चार वर्षं आम्ही रोज बोलत होतो. जेवलास का, ऊन किती आहे, पगार झाला का. वीटभट्टीच्या मालकानं मजुरांची आधार कार्डं ठेवून घेतली, तेव्हा तहसीलसमोर पत्रकं वाटणारी मी. माझ्याच भावाला हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

मग मला एका जागी बसवेना. घरातून विहारात, विहारातून घरात. काकांना म्हटलं, "उद्या करू."

"उन्हाळा हाय, पोरी. बर्फ पाणी व्हायलाय. माणसं आल्यात. पाच कुणी पुकारले? तूच न्हाई का?"

"थांबा," आई म्हणाली. "त्याला तोंड बघू द्या."

बायका माझ्याकडं बघत राहिल्या. मी अण्णाला पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. कपाट बंदच.

पाच वाजले. आईनं अप्पांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उचला."

मी फोन अप्पांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर अण्णा, त्याच्यामागं लोखंडी खाटा, आणि खाटांमध्ये त्याच्या खोलीतले सगळे हात जोडून उभे. आम्ही पंचशील म्हणत होतो तोवर कुणी खाली बसलं नाही.

अण्णा तिसऱ्या दिवशी आला. बॅग उंबऱ्यात ठेवली, पाणीही घेतलं नाही. "विमानाला साडेतीन तासच लागले," म्हणाला. "तुझा हिशोब बरोबर होता, बाय."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आज तुमच्या माणसाचा फोन येईल. जेवलास का विचारायच्या आधी विचारा, पासपोर्ट कुणाकडं आहे? दुसऱ्याच्या कपाटात असेल, तर फोन ठेवायच्या आधी ठरवा, तो कधी मागायचा आणि सोबत कोण कोण जाणार. एकट्याला पाठवू नका.