एलियम्मा आंटींचा मान

प्रार्थनेत एलियम्मा आंटी सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असायच्या. बाकीच्यांच्या तोंडून 'नमो मरिये' निघेपर्यंत त्या 'कृपापूर्णे'वर पोचलेल्या. कुणी डोळे वटारलेच तर म्हणत, "मी नर्स होती बाबा. हळू चालली असती तर पेशंट गेला असता."

त्या मूळच्या कोट्टायमच्या. नोकरी मुंबईत झाली, नवरा वारला, मुलगा जोजी दुबईला. निवृत्त झाल्यावर त्या उमेळे गावाजवळच्या आमच्या आळीत आल्या. केळीची वाडी तोडून उठलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरात खाटेखाली असत. वडिलांच्या बांधकामविरोधी मंडळाचं असंच एक पत्रक मी इमारतीच्या फाटकावर वाटत होतो. आंटींनी अर्धा गठ्ठा हिसकावला आणि वरच्या घराघरांत वाटून आल्या. "बरोबर लिहिलं. पण 'उपरे' कशाला? जमीन विकणारा तर तुमचाच माणूस!" विहिरी आटवणाऱ्या बांधकामांविरुद्ध मी आजही लिहितो, पण तो शब्द वापरत नाही.

आंटींना एकच गोष्ट हवी होती: क्रूसाचा मान. मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रूसाजवळ रोज संध्याकाळी जपमाळ होते. एकेका दिवसाचा मान एकेका घराचा. त्या घरानं क्रूस धुवायचा, हार घालायचा, प्रार्थना सांगायची, उकडलेले चणे वाटायचे. इमारतीतल्यांनी यावं, चणे खावेत. मान मात्र जुन्या घरांचाच. हा अन्याय आहे, असं मी भर बैठकीत ओरडलो. आंटींनी मलाच खाली बसवलं आणि आळीचे म्होरके पास्कूबाबा यांना स्वतः विचारलं.

"बाय, तू आमची पावनी," पास्कूबाबा म्हणाले. "पावनीला कामाला लावत नाय."

"इतकी वर्षं कोण पावनी राहतो? मग रोज जेवायला बोलवा ना!"

आळी हसली. मान मिळाला नाही. पुढच्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही.

मग एका जुन्या घरानं वाडी विकली आणि ते लोक विरारला राहायला गेले. त्यांचा दिवस मोकळा पडला. क्रूसाचा दिवस मोकळा राहिला तर आळीवर संकट येतं, अशी म्हाताऱ्यांची समजूत. मी ती मानत नाही, पण तिचे उपकार मानतो. पास्कूबाबा धापा टाकत तिसरा मजला चढले. "बाय, आता हा मान तुझ्या घराचा."

त्या संध्याकाळी आंटी सोनेरी काठाची पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या. मराठीत घोकून आणलेली जपमाळ नीट झाली. शेवटच्या विनवण्या मात्र आनंदाच्या भरात सरळ मल्याळममधून सुरू झाल्या. मग पास्कूबाबांनीच सूर पकडून प्रत्येक विनवणीला द्यायचं ठरलेलं उत्तर दिलं, "आमच्यासाठी विनंती कर!" त्यांच्यामागून सगळी आळी तेच म्हणू लागली. कळत काही नव्हतं, चुकत मात्र कुणीच नव्हतं. नंतर आंटींना चूक कळली. तोंडावर पदर धरून त्या इतक्या हसल्या की चणे आम्हालाच वाटावे लागले.

यंदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात आंटी दुपारी झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. जोजी आला. कोट्टायमला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

पास्कूबाबा त्याच्यासमोर काठी रोवून उभे राहिले. "तुझी आय हाय, तू नेशील. पन मे महिन्यात तिचा मान हाय. मानाची बाय आळीबाहेर कशी जाते?"

जोजी रडता रडता हसला. "फोनवर मम्मी माझं पाच मिनिटं ऐकायची. बाकी सगळं तुमचंच सांगायची." तो थोडा वेळ आईजवळ बसला. उठून म्हणाला, "इथंच राहू दे तिला."

आळीतल्या माणसाची कबर आळीतलेच खणतात. आम्ही खणली. प्रार्थना न करणारा मीही होतो. माती लोटून झाल्यावर जोजी एकेकाचे हात धरून आभार मानू लागला. पास्कूबाबांनी त्याला थांबवलं.

"आभार ठेव. मान घराचा असतो, आयकडून पोराकडं येतो. दुबईवाल्याकडं मेची रजा आत्ताच मागून ठेव. आनि चणे आदल्या दिवशी भिजत घालायचे, विसरू नको."