खोडरबरची बारा मिनिटं

माझ्या नणंदेला छापखान्यात सगळे खोडरबर म्हणतात. हे नाव मालकांनी ठेवलं, आणि तिला ते इतकं आवडलं की घरीही तेच रूढ झालं. तिचं काम प्रुफं तपासायचं. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातले बारीक अक्षरातले कागद, शाळांचे अहवाल, जे येईल ते. एकवीस वर्षं ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लाल पेनानं लोकांच्या चुका काढते आहे. जन्मापासून तिचे स्नायू तिचं ऐकत नाहीत. डावा हात छातीशी दुमडलेला, चालताना पाय एकमेकांच्या वाटेत येतात, आणि बोलताना प्रत्येक शब्द ओढून बाहेर काढावा लागतो. डोकं मात्र लख्ख, आणि जीभ त्याहून तिखट.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तिचं बोलणं कळायला मला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी पहिलं सबंध वाक्य कळलं, ते असं: "वहिनी, तुझा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी आहे." कळत नव्हतं तेच बरं होतं, असं वाटलं.

पण लोक आठ मिनिटंसुद्धा थांबत नाहीत. तिच्याबरोबर कुठंही गेलं की सगळे माझ्याकडे बघून बोलतात. एकदा एका ओळखीच्या बाईंनी कपावर साखरेचा चमचा धरून मला विचारलं, "यांना साखर चालते का?" मी तोंड उघडायच्या आत खोडरबर म्हणाली, "साखर चालते. मलाच नीट चालता येत नाही." बाईंना शब्द कळले नाहीत. त्या हसून मला म्हणाल्या, "किती गोड आहेत हो!" मी कपाळाला हात लावला.

तर या खोडरबरला प्रहसनं लिहायचा नाद आहे. छापखान्याच्या कागदाच्या गोदामात, रिमांच्या थप्प्यांमध्ये उभी राहून ती प्रहसनं करूनही दाखवते. अकरा माणसं आहेत तिथं, पोट धरून हसतात. त्यातलं सगळ्यात चांगलं म्हणजे 'दाढ'. एक बाई दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जाते. पहारेकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकजण तिला पायांबद्दल विचारतो. कुणी तेल सुचवतो, कुणी व्यायाम. डॉक्टर गुडघ्याचा फोटो काढून आणायला सांगतात. शेवटी बाई भिंतीला धरून धरून घरी परत येते, पाय ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट घेऊन आणि गाल सुजवून. सगळी पात्रं ती एकटीच करते. बरोबर बारा मिनिटं.

गेल्या वर्षी एका सांस्कृतिक केंद्राची जाहिरात आली. सर्वसमावेशक नाट्यमहोत्सव, दिव्यांग कलावंतांना मंच, अर्ज मागवत आहोत. वर ठळक अक्षरात 'दिव्यांग दीनानिमित्त'.

"दिन म्हणजे दिवस," खोडरबर म्हणाली, "आणि दीन म्हणजे बिचारा. ही चूक नाही वहिनी. मनातलं छापलंय."

तरी अर्ज आणायला लावलाच. अर्जात अपंगत्वाची टक्केवारी विचारली होती, पालकाचं नाव विचारलं होतं (वय वर्षं त्रेचाळीस!), आणि शंभर शब्दांत 'आपली प्रेरणादायी संघर्षगाथा' मागितली होती. नाटक कोणतं, किती वेळाचं, याला रकानाच नव्हता. तिनं तो समासात आखला आणि लिहिलं: 'दाढ, प्रहसन, बारा मिनिटं, लेखन व सादरीकरण स्वतः.' संघर्षगाथेच्या जागी लिहिलं, 'दाढ दुखत होती.'

भेटायला बोलावलं. संयोजिका गोड बाई होत्या, तोच तर वैताग. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "यांना समजतं ना सगळं?"

"त्यांना विचारा की," मी म्हटलं.

मग त्या खोडरबरकडे वळल्या आणि लांबच्या गाडीतल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही! खूप! छान! लिहिता!"

"ऐकू येतं मला," खोडरबर म्हणाली.

"काय म्हणाल्या?" संयोजिकांनी मला विचारलं.

त्यांची योजना ठरलेलीच होती. मालिकेत काम करणारी एक अभिनेत्री 'दाढ'मधला भाग वाचणार. खोडरबर तिच्याशेजारी छान साडी नेसून खुर्चीवर बसणार. मागून व्हायोलिन. मग सत्कार. एकूण तीन मिनिटं.

"बाकीच्या नाटकांना किती वेळ आहे?" मी विचारलं.

"ती नेहमीची नाटकं आहेत हो. त्यांना चाळीस."

खोडरबर म्हणाली, "माझं मी करणार. बारा मिनिटं." हे मात्र त्यांना कळलं. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "अहो, पण लोकांना तुमचं बोलणं कळणार नाही. तुम्हालाच वाईट वाटेल."

"पहिली दोन मिनिटं नाही कळणार. मग कळतं. सवय होते."

"बघू हं," संयोजिका म्हणाल्या. हे 'बघू' मी शाळेत बावीस वर्षं गणित शिकवताना पालकांना म्हणत आले आहे. त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे.

घरी माझ्या नवऱ्याचं वेगळंच. "कशाला हवंय?" तो बहिणीला म्हणाला. "चार लोकांपुढे हसं करून घ्यायचं."

"दादा, हसंच करायचंय. प्रहसन आहे ते."

तालमीला आम्ही गेलो. अभिनेत्री कष्टाळू मुलगी होती, कागद पाठ करून आली होती. तिनं डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, आणि "डॉक्टर... माझी... दाढ दुखतेय..." म्हणताना तिच्या गालावरून खरोखर पाणी ओघळलं. व्हायोलिन सुरू झालं. दाढदुखीवर कुणी इतकं रडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. संयोजिकाही डोळे पुसत होत्या. खोडरबर खुर्चीत लाल होऊन बसली होती. तिनं हात वर केला, दोनदा म्हणाली, "हा विनोद आहे." दोन्ही वेळा तिला पाणी आणून दिलं.

घरी येताना मी भडकले होते. "सोडून दे. नाव काढून घे."

"काढलं तर त्यांना कळणारही नाही कुणी चिडलं होतं म्हणून," ती म्हणाली. "म्हणतील, तब्येत बरी नसेल बिचारीची."



पुढच्या आठवड्यात महोत्सवाची पत्रिका छापायला आली ती नेमकी तिच्याच छापखान्यात. प्रूफ खोडरबरच्या टेबलावर. त्यात तिचं नाव 'विशेष सत्कारमूर्ती' म्हणून, सगळ्यात खाली, आभाराच्या वर. तिनं लाल पेन घेतलं. 'सत्कारमूर्ती' खोडलं, 'लेखिका व कलाकार' लिहिलं. 'तीन' खोडलं, 'बारा' लिहिलं. अभिनेत्रीच्या नावाला वगळण्याची खूण केली. समासात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बदल केले आहेत. कृपया वाचून सही करावी.' चोरून काहीच केलं नाही. मालकांना दाखवलं. मालक म्हणाले, "वाचतील आणि खोडतील. पाठव." कागद संयोजिकांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. खाली झोकदार सही, आणि 'उत्तम!'

आठशे प्रती छापल्या, वाटल्याही गेल्या.

संयोजिका छापखान्यात आल्या तेव्हा गोडवा संपलेला होता. "हे कुणाच्या परवानगीनं?" त्यांनी मालकांपुढे पत्रिका आपटली. मालकांनी सहीचा कागद काढून ठेवला.

"पण मी वाचलं नव्हतं! इतकी कामं असतात!"

"बाई, सहीच्या वरच लाल अक्षरात लिहिलंय, वाचून सही करा म्हणून."

मग त्या पहिल्यांदाच खोडरबरकडे नीट बघून, साध्या आवाजात बोलल्या. "तुम्ही मला अडचणीत आणलंत."

"हो," खोडरबर म्हणाली. "आता कळलं का तुम्हाला माझं बोलणं?"

संयोजिका पत्रिका उचलून निघून गेल्या. पण प्रमुख पाहुण्यांपर्यंत पत्रिका पोचल्या होत्या, नवीन छापायला वेळ नव्हता. बारा मिनिटं मिळाली.

महोत्सवाच्या दिवशी सभागृह तीन चतुर्थांश भरलं होतं. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी नवरा रुमाल पिळत. खोडरबर काठी टेकत आली, मधोमध उभी राहिली आणि सुरू झाली. पहिली दोन मिनिटं तिनं सांगितलं होतं तशीच गेली. कुणालाही ओ की ठो कळलं नाही. सगळे चेहरे एकसारखे मऊ झाले होते, देवघरासमोर होतात तसे. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ सगळं सभागृह. पहारेकऱ्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

ती थांबली. "अजून संपलं नाही," ती म्हणाली. टाळ्या आणखी वाढल्या. मला उठून ओरडावंसं वाटत होतं.

टाळ्या ओसरल्यावर ती पुढे निघाली. पहारेकऱ्यानं बाईला तेलाची बाटली काढून दाखवली, तेव्हा मागच्या रांगेत एक माणूस मोठ्यानं हसला. लगेच चारी बाजूंनी "शूऽऽ!" एका बाईंनी मागे वळून डोळे वटारले. "लाज नाही वाटत? हसता काय त्यांना?"

खोडरबरनं काठी जमिनीवर आपटली. प्रत्येक शब्द सुटा करत ती म्हणाली, "त्यांना हसू द्या. ते एकटेच ऐकतायत."

हे सगळ्यांना कळलं. मग इथे तिथे चोरटं हसू, परवानगी मागितल्यासारखं. नर्सचं सोंग आलं तेव्हा निम्मं सभागृह हसत होतं. उरलेलं निम्मं शेवटपर्यंत डोळे पुसत राहिलं, त्यांना कोण काय करणार? आणि नवव्या मिनिटाला, डॉक्टर गुडघ्याचा फोटो मागवत असताना, आवाज सांभाळणाऱ्यानं जुन्या कागदावर लिहिलंय म्हणून व्हायोलिन सुरू केलं. खोडरबर वर बघून खेकसली, "बंद कर रे ते!" दिवसातलं सगळ्यात मोठं हसू त्यालाच मिळालं, आणि ते प्रहसनात नव्हतंच. याचा तिला आजही राग आहे.

नंतर सत्कार झालाच. प्रमुख पाहुणे म्हणाले, यांना पाहून आपली दुःखं किती लहान वाटतात. खोडरबर हातातल्या पुष्पगुच्छाकडे बघत म्हणाली, "तुमचीही दाढ दुखते का?" पाहुण्यांनी हसून मान डोलावली आणि मला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं, आणि निघाले.

बाहेर जिन्याशी तो मागच्या रांगेतला माणूस उभा होता. धंद्यानं सुतार, महोत्सवाचा मंच त्यानंच ठोकला होता. आणखी सहा-सात जणांना घेऊन तो आपल्या कारखान्यात नाटकं बसवतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. थेट तिला म्हणाला, "बाई, मधला डॉक्टर लांबलाय. तीन वाक्यं काढा. आणि माझ्याकडे एका भांडखोर घरमालकिणीचं काम आहे. कराल?"

"डॉक्टर लांबलेला नाही," खोडरबर म्हणाली.

"लांबलाय."

दोघं जिन्यात पाव तास भांडली. एखादं वाक्य त्याला कळायचं नाही, तेव्हा तो म्हणायचा, "परत सांगा," आणि ती परत सांगायची. मी आणि माझा नवरा पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह धरून ताटकळत होतो.

आता आठवड्यातून तीन दिवस ती तालमीला जाते. परत येते ती धुसफुसतच. "तो सुतार मला म्हणतो, घरमालकीण जास्त करतेयस. जास्त! काल सगळ्यांदेखत झापलंन मला, पाठांतर कच्चं म्हणून. एकवीस वर्षांत मालकसुद्धा मला असं बोलले नाहीत."

"मग सोडून दे," नवरा म्हणतो.

"का सोडू?" ती त्याच्यावरच उसळते. "दादा, तू हे नाटकाचं पुस्तक धर, आणि भाडेकरूची म्हणजे सुताराची वाक्यं म्हण. भावना नकोत, नुसती म्हण."

तो म्हणतो. दोन ओळी झाल्या की ती त्याला थांबवते आणि सांगते की तो फार वाईट वाचतो.