कप्तानाचा कोट

केस कापायच्या दुकानाच्या मालकाला सगळी गल्ली कप्तान म्हणायची. त्याला पोहता येत नव्हतं. होडीत बसलं की मळमळायचं. पण ‘सुकाणू’ नावाच्या सिनेमांमधल्या जहाजाच्या कप्तानावर त्याचा जीव होता. पहिला भाग आला तेव्हा तो दुसऱ्याच्या दुकानात केस झाडत होता. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, स्वतःचं दुकान झालं. नवा भाग आला की पहिल्या खेळाला दुकान बंद, हे मात्र बदललं नाही.

तो पाहून येईपर्यंत गल्लीत कोणी तिकीट काढत नसे. तो येई, गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवी, मुकाट्याने केस कापी. कापड झटकून झालं की निकाल सांगे. ‘बघा’ किंवा ‘राहू दे’. ‘सुकाणू’ला आजवर ‘राहू दे’ मिळालं नव्हतं.

घरात त्याचा आणखी एक नियम होता. सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली की इतर लोक उठत. याच्या घरातलं कोणी उठायचं नाही. लहानपणी मुलगी पेंगत म्हणायची, “बाबा, चला ना.” हा म्हणायचा, “त्यांनी वर्षभर घाम गाळला. तुला नुसतं नाव वाचायला जिवावर येतंय?”

तीच मुलगी आता सिनेमावाल्यांच्या कपडेपटात कामाला होती. नव्या भागातल्या कप्तानाच्या कोटाचं काम तिच्याकडे होतं. शेवटी आपलं नाव येणार, असं तिने मागेच सांगितलं होतं.

नवा भाग लागला त्या दिवशी कप्तान वेळेआधीच परतला. दुकानाच्या दाराशी मास्तर आणि शेजारचा औषधवाला थांबले होते. त्याने मास्तरांना खुर्चीत बसवलं. कानामागे कात्री जरा जोरातच चालली. मग त्याने कापड झटकलं.

“राहू दे.”

“अरे, मी बायकोला कबूल करून बसलोय,” औषधवाला म्हणाला.

“मग सासूला पाठव.”

“एवढा वाईट?” मास्तरांनी विचारलं.

“वाईट परवडला असता. अहो, जो माणूस आजवर सगळ्या भागांत मिळून पानभर बोलला नाही, तो इथे जुळ्या भावाच्या गळ्यात पडून रडतो. जुळा भाऊ. इतकी वर्षं कुठे ठेवला होता, माळ्यावर? आणि जहाज उडतं.”

“उडतं म्हणजे?”

“उडतं म्हणजे उडतं. पाण्याची ॲलर्जी झाली असेल.”

मास्तर हसले. कप्तान हसला नाही. “आणि तो कोट…” एवढं म्हणून त्याने तोंड मिटलं.

जुळा भाऊ त्याने सोसला होता. उडतं जहाजही सोसलं होतं. मग वादळातून, समुद्रातून पडद्यावरचा कप्तान वर आला आणि त्याच्या कोटाची इस्त्री मोडलेली नव्हती. बटणं बँडवाल्यासारखी चकाकत होती. हे आपल्या पोरीच्या हातचं, या विचाराने तो उठला आणि चालू लागला. नावं राहिली, हे रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं. परत आत जायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी मुलगी यायची होती. बायकोने आधीच बजावलं.

“ती विचारेल. छान होता म्हणा आणि गप्प बसा.”

“मी खोटं बोलू?”

“माझ्या भावाकडे जेवून आल्यावर बोलता की.”

मुलगी आली. सिनेमाबद्दल काही बोलली नाही. जेवताना ताटात बघत तिने विचारलं, “नावं वाचलीत?”

“म्हणजे काय. वाचल्याशिवाय उठेन?”

“माझं दिसलं?”

“दिसलं की. चांगलं ठळक होतं. शेजारच्यालाही दाखवलं.”

बायकोने समाधानाने त्याला आणखी वाढलं. मुलीचा हात ताटातच थांबला.

“बाबा, माझं नाव त्यात नाहीये.”

तिने ताट बाजूला सारलं.

“मीच काढायला लावलं. तो कोट मिठाच्या पाण्यात बुचकळून बुचकळून दगडाने घासला होता मी. हात सोलून निघाले. साहेबांनी शेवटी कॉम्प्युटरवर तो नवा कोरा करून टाकला. मळका कोट खेळण्यांच्या दुकानात खपत नाही म्हणे. तुम्ही नावं वाचत बसलेले दिसायला लागलात मला. म्हटलं, त्या कोटापायी बाबांना माझं नाव दिसायला नको.”

कप्तानाने घास खाली ठेवला. “मी नावं वाचलीच नाहीत. कोट बघून उठलो. मला वाटलं, तूच केलास.”

“तो? मी?” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी कोणाच्या शेजारी बसून बघितलेत हे सिनेमे?”

तिने फोन काढून त्याच्यापुढे धरला. फोटोत खरा कोट होता. बाहीवर मिठाचे पांढरे ओघळ, एक खिसा लोंबलेला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

“खिसा चौथ्या भागात फाटला होता,” तो म्हणाला. “साखळीत अडकून.”

“मग? मला काय माहीत नाही?”

दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा होऊन दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात लागला. दुपारी औषधवाला येऊन खुर्चीत बसला. आदल्या रात्री तो सासूला नाही, बायकोला घेऊन गेला होता.

“मला तर आवडला बुवा,” अर्धे केस कापून झाल्यावर तो म्हणाला. “जहाज उडतं तेव्हा टाळ्या पडल्या. आणि हा कुठला रे पोतेरं झालेला कोट लावलायस? सिनेमातला किती झकास होता.”

कप्तानाने कात्री खाली ठेवली. त्याच्या गळ्यातलं कापड सोडलं, दाराशी जाऊन झटकलं.

“अरे, ही बाजू राहिली.”

“राहू दे,” कप्तान म्हणाला.