तुंगाअक्काचं वेळापत्रक

माझी थोरली बहीण तुंगाअक्का म्हैसूरच्या शाळेतून निवृत्त झाली आणि जवळच्या बोगादी गावापुढे आमचं पडीक कुरण आहे, तिथे जाऊन राहिली. घाणेरी इतकी माजली होती की गवताचं पातं दिसेना. मी म्हणालो, प्लॉट पाडू. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

तीन वर्षं घाणेरी उपटून तिनं कुरणाचे सहा भाग केले. शाळेचं वेळापत्रक तीस वर्षं तिच्याच हातात होतं. गाई आणल्यावर तिनं त्यांचंही फळ्यावर लिहिलं: आठवडाभर एकाच भागात चरायचं, बाकीच्या पाचांना विश्रांती. गवत परतलं, ससे आले. दर सोमवारी हळ्ळीकार जातीच्या त्या गाई आपणच पुढच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहू लागल्या.

या सोमवारी पाळी चौथ्या भागाची होती, पण तिथे टिटवीची चार अंडी उघड्यावर दिसली. गाई फाटकाशी हंबरत होत्या.

"सुम्ने, गप उभ्या राहा," त्यांना दटावून अक्का फळ्याकडे गेली. मुख्याध्यापकांनाही जिनं कधी तास बदलून दिला नाही, तिनं चौथा भाग पुसून लिहिलं, 'टिटवी. सुट्टी.'

मग मला म्हणाली, "पाचव्याचं फाटक उघड. आणि पाऊल जपून टाक, प्लॉटवाल्या."