वीस व्होल्टचे भाई

आमच्या शेजारच्या भाईंइतका घाबरट माणूस अख्ख्या नवीन पनवेलमध्ये दुसरा नव्हता. कुवेतची नोकरी संपवून येताना त्यांनी भलामोठा ॲम्प्लिफायर आणला, जुन्या गाडीच्या डिकीत बसवला आणि त्या दिवसापासून स्पीकर जळण्याची धास्ती घेतली. लोक गाणं लावतात, आवाज फाटायला लागला की थोडा कमी करतात. भाई आधी स्पीकरच्या वायरी काढत, एकसुरी शिट्टीची सीडी लावत आणि व्होल्टमीटरच्या पिना ॲम्प्लिफायरला टेकवून, ओठांत बिस्मिल्ला पुटपुटत, इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने गेनचा, म्हणजे आवाजाचा जोर ठरवणारा, स्क्रू वळवत. आकडा वीस व्होल्टवर, म्हणजे स्पीकर सोसेल तिथवर, आला की हात थांबे. गाडीत चिडीचूप, आणि भाई घामाघूम! "अहो, एकदा ऐकून तरी बघा," मी म्हणायचे. "कान धोका देतात, भाभी. मीटर देत नाही." खड्ड्यांनी स्क्रू हलला असेल, या भीतीने दर शुक्रवारी नमाजनंतर पुन्हा मोजणी.

एका शुक्रवारी ते वायरी काढायला विसरले. गाडीतून अशी कर्कश शिट्टी सुटली की तळोज्याच्या केमिकल कंपनीत गॅस सुटल्याचा भोंगा समजून सगळी बिल्डिंग तोंडाला ओले रुमाल लावून खाली धावली. मीही. आणि भाई? डिकीत वाकून निवांत मीटर बघत होते. फटाक्याला दचकणारा हा माणूस पापणीही हलवत नव्हता. मी मागून दोनदा हाक मारली. खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे ते उडाले.

मी आधी सीडी बंद केली आणि समोर उभी राहून विचारलं, "केव्हापासून ऐकू येत नाही?"

"घरी बोलू नका, भाभी. गाडी काढून घेतील."

हे गृहस्थ रोज सकाळी नातीला घेऊन, स्वतः गाडी चालवत, ट्रकच्या गर्दीतून, हायवेपलीकडच्या शाळेत जात होते.

"आज रात्री तुम्हीच सांगा. नाहीतर उद्या मी गाडीपुढे आडवी उभी राहीन."

"ट्रकवाले हॉर्न देतात का हो मला?" त्यांनी हळूच विचारलं.

सकाळी मी खरोखरच गेटवर जाऊन उभी राहिले. भाई नातीचा हात धरून खाली आले, गाडीपाशी घुटमळले आणि मागून आलेल्या सुनेच्या हातात किल्ली देऊन शेजारच्या सीटवर बसले. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा आत गाणं लागलं होतं. मोठं, स्वच्छ, कुठेही न फाटलेलं. नात मागच्या सीटवरून त्याच्याबरोबर गात होती आणि भाई मान वळवून तिचे ओठ बघत होते.