दरीच्या अंगाचा शेमला

लढाईच्या काळात दर उन्हाळ्यात माधवनगरच्या गिरणीतला एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, माझ्याबरोबर महाबळेश्वरच्या रानात, कड्याच्या कडेनं दिवसभर चालायचा. दरीच्या अंगाला कायम तोच असायचा, आणि पटक्याचा शेमला, तो सुटा लोंबता पदर, त्या बाजूच्या डोळ्यावर ओढून घ्यायचा.

"बैलागत झापड लावलीस काय रं?" मी चिडवायचो.

"खाली बघितलं की पाय लटपटत्यात, गड्या."

"मग ह्या अंगाला ये की!"

"आन् तू? जांभळं खात, वर माकडं बघत चालतोस. घसरलास तर वैनीला काय सांगू?"

त्याचे पाय लटपटतात, हे मी सांगलीभर रंगवून सांगितलं. लोक त्याला भित्रा म्हणून हसले, तोही हसला. तो कुठल्या अंगाला चालायचा, ते मात्र मी कुणालाच सांगितलं नाही.