तांदळात लिहिलेलं नाव

माझं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही, चारचौघींसारखंच आहे. पण लग्न ठरलं तेव्हा ते माझ्या होणाऱ्या सासूबाईंचंही नाव निघालं, आणि सुनेनं सासूचं नाव तोंडात घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नाव माझं स्वतःचं असलं तरी रीत ती रीत. पुढं एका ठिकाणी ती मोडावी लागेल, का ते तिथं कळेल. तर वाचणाऱ्यानं आपल्या ओळखीतलं एखादं बरंसं नाव मनात धरावं आणि पुढं चालावं.

माहेर कन्हेरीचं, स्थळ सणसरचं. मुलगा भवानीनगरला साखर कारखान्यात टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेरीवर होता. नव्वदच्या दशकात आमच्या भागात याहून चांगलं स्थळ नव्हतं, असं निदान माझे वडील तरी म्हणायचे. सुपारी फुटली, सगळे गोड बोलून चहाला बसले, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की नवरीचं आणि सासूचं नाव एकच आहे. माझ्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्यांचा कप हातातच राहिला. सुनेला हाक मारायची म्हणजे सगळ्या वाड्यावस्तीसमोर बायकोचं नाव घ्यायचं, आणि ते तर त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. बायकोला त्यांची हाक एकच, "ऐकलं का."

"त्यात काय येवढं," माझी नणंद म्हणाली. ती बारामतीला कॉलेजात जायची, त्यामुळं तिला सगळ्यावर उपाय माहीत असायचा. "नाव तर बदलायचंच असतंय की."

तेही खरंच. वरात घरी आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळे वाकून वाचतात, पेढे वाटतात, आणि जुनं नाव माहेरी जाऊन पडतं. माझ्या मैत्रिणींची अशीच बदलली होती. त्यांच्या बारशाला मी हौसेनं पेढे खाल्ले होते, हो, मी त्याला बारसंच म्हणायचे. आता माझ्यावर आल्यावर मात्र मला असा संताप आला की त्या दिवशी मी भाकरी थापण्याऐवजी बडवल्या.

हे नाव मला आत्यानं ठेवलेलं. ती इंदापूरला दिलेली होती, उंच, खणखणीत आवाजाची, आणि भांडायला कारण लागतंच असं नाही. मी तिच्याकडं जाऊन रडले. तिनं रडू दिलं, मग म्हणाली, "पाळण्यात तुझ्या कानात कुर्रर्र करून हे नाव मी सांगितलंय. आन ते सांगताना बायकांनी पाठीत धपाटे घातल्यात. तुझी आई तर सूड उगवल्यागत घालत हुती. त्ये काय फुकट खाल्ले व्हय मी? घालू दे की दुसरं नाव. पण दुसरं निघालं पायजे ना."

ते निघू नये याची तजवीज तिनं बस्त्याच्या दिवशी केली. बस्ता बारामतीला होता. दोन्हीकडची माणसं कापडाच्या दुकानात गादीवर सकाळपासून ठाण मांडून बसलेली. दुकानदार एकेक साडी उलगडत होता आणि नणंद एकेक नाव.

"सुमन ठेवू," नणंद म्हणाली.

"सुमन?" आत्यानं कपाळाला हात लावला. "तात्या, तुमच्या थोरल्या चुलतीचं नाव. गेल्या बिचाऱ्या, म्हणून काय त्यांच्या नावानं सुनंला भांडी घासायला लावायची?"

तात्या विचारात पडले. भावकी एवढी पसरलेली, कुणाची कुठली चुलती हे छातीठोक कोण सांगणार? आत्या मात्र छातीठोकच सांगत होती. शालन म्हटलं की ती तात्यांच्या आजोबांची बहीण निघाली. मंदा म्हटलं की कुठल्याशा मावस आजी. दुपारच्या जेवणापर्यंत तिनं तात्यांच्या घराण्यात इतक्या म्हाताऱ्या घातल्या की त्या सगळ्या लग्नाला आल्या असत्या तर मांडव पुरला नसता. मी साड्यांच्या ढिगामागं तोंडात पदर कोंबून हसत होते.

जेवणानंतर नणंद शहाणी झाली. तिनं अर्थाची नावं काढली. आत्याही सरसावून बसली.

"वर्षा."

"म्हंजी पाऊस. ऊसतोड चालू असताना घरात पाऊस आणताय? ट्रॅक्टर रुतला की मग?"

तात्या सगळ्या बाबतीत बायकांवर सोडून द्यायचे, पण उसाच्या नाही. "त्ये नको," ते ताबडतोब म्हणाले.

"निशा."

"म्हंजी रात. आधीच रोज लाइट जात्या."

"सरिता?"

"नदी. नदीचा काय भरवसा, आज हितं, उद्या तितं. त्यापरीस कालवा ठेवा, निदान पाळीनं पाणी तरी येतंय." दुकानदारसुद्धा हसला. आत्या म्हणाली, "हसताय काय, नावाला अर्थ पायजे."

सासूबाई इतका वेळ मांडीवर एक हिरवी साडी घेऊन तिचा काठ बोटांनी चाचपत होत्या. "अर्थ असून काय करायचा," त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ देत्यात व्हय?" त्या इतकं हळू बोलल्या की शेजारी बसलेल्या मलाच तेवढं ऐकू आलं. मला वाटलं, साडीच्या भावावरून काहीतरी चाललंय.

मग नणंदेनं शेवटचं नाव काढलं. "नेहा."

आत्यानं तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणाली, "तुमच्या पणजीचं..." पुढं तिचं तिलाच हसू आलं. मेंढरं राखत माळावरनं फिरलेल्या पणजीचं नाव नेहा होतं, हे तिलाही रेटून सांगता येईना. मग तिनं अर्थ विचारला. नणंद म्हणाली, माया, जिव्हाळा. आत्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मायेला नावं कशी ठेवणार? बस्ता बांधला गेला आणि माझं नावही. येताना एसटीत आत्यानं कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरूनसुद्धा भांडण काढलं नाही. हरलेली आत्या मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला तिचं वाईट वाटावं की माझं, ते कळत नव्हतं.

लग्न झालं. आत्या पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर सणसरला आली. दिवेलागणीला लक्ष्मीपूजन मांडलं. ताटात तांदूळ पसरले, वस्तीवरच्या बायका दाटीवाटीनं बसल्या. नवं नाव नणंदेनं आधीच सगळीकडं सांगून ठेवलं होतं, त्यामुळं पोरंटोरं मला त्याच नावानं चिडवत होती. मी मान खाली घालून बसले होते. लाजून नाही, रागानं. नवऱ्यानं अंगठी हातात घेतली आणि पहिलं अक्षर काढलं.

तेवढ्यात सासूबाईंचा हात मधे आला. त्यांनी तळव्यानं तांदूळ सपाट करून टाकले.

"थांब जरा," त्या मुलाला म्हणाल्या. "हिचं नाव ऱ्हाऊ दे हिला. हिचं त्ये जन्माचं हाय. माझं न्हाय. मला हितं आणल्यावर घातलंय."

तात्या म्हणाले, "आन मग घरात हाक मारताना घोटाळा?"

"हाक मारलीया व्हय कधी तुमी?"

बायका फिदीफिदी हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताट मुलाकडं सरकवलं. "लिव्ह. धोंडाबाई."

"कुणाचं नाव ह्ये?" नवऱ्यानं विचारलं.

"माझं."

त्याला ते माहीत नव्हतं. रोज हजारो माणसांची हजेरी घेणाऱ्या माणसाला आईचं जन्माचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याचा चेहरा पाहून त्याही रागात मला त्याची दया आली.

सासूबाई तांदळाकडंच बघत बोलल्या. "माझ्या आधीची पोरं जगलीच न्हाईत. आई-बा मेंढरामागं फिरायचं. मी झाले तवा आईनं वाटंवरचा धोंडा उचलला, त्येला हळद लावली, माझ्याशेजारी निजवला आन त्येचंच नाव मला दिलं. म्हणली, मरण आलं तर बघंल, हितं नुसता दगड हाय, आन फुडं जाईल. हितं आले तर म्हणले, धोंडा काय नाव हाय व्हय, चांगलं घाला." मग त्यांनी आत्याकडं पाहिलं. "तुमी म्हणत हुता ना इनबाई, नावाला अर्थ पायजे."

आत्या, जिला आख्ख्या तालुक्यात कुणी गप्प केलं नव्हतं, ती डोळ्याला पदर लावून गप्प बसली होती. मीही रडत होते, आणि माझा सगळा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

नवऱ्यानं नाव लिहिलं. एकेक अक्षर सावकाश, चुकू नये म्हणून जपून. सासूबाईंनी ताट जवळ ओढून ते बराच वेळ पाहिलं. मग आत्याचाच आवाज पहिला फुटला, आणि तो मूळचा होता. "नवं नाव पडलंय. आता तात्या नाव घेतील. त्याबिगर पेढा न्हाय कुणाला."

बायकांनी तात्यांना घेरलं. तात्यांनी टोपी काढली, परत घातली, उसाचा विषय काढून पाहिला. कुणी सोडेना. शेवटी ते जमिनीकडं बघत, पुटपुटल्यासारखं म्हणाले, "धोंडाबाई."

सासूबाई हात मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या.

"आनखी एकदा घ्या," त्या म्हणाल्या.

तात्यांनी मान वर केली, बायकोकडं पाहिलं, आणि या वेळी चांगलं मोठ्यानं हाक मारल्यासारखं घेतलं.

"ओ," सासूबाई म्हणाल्या.